माप एकदाच

सकाळी साडेनऊ वाजता सूनबाईने कॉम्प्युटरच्या पत्र्याचा चौथा स्क्रू काढला आणि सासूबाईंनी शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारलं, "मरणार नाही ना तो?"

"नाही हो आई. रोज दहा-बारा जणांचे दुरुस्त करते मी."

"लोकांचा मेला तर लोक रडतील. हा मेला तर मी काय करू?"

सूनबाईची नोकरीच ती होती. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला त्याचा कॉम्प्युटर ताळ्यावर आणून द्यायचा. दिवसातून चाळीस वेळा तरी ती "बंद करून चालू करा" म्हणायची, आणि त्यातल्या तीस वेळा तेवढ्यावर भागायचं. त्यामुळे तिचा स्वतःवर अंमळ जास्तच विश्वास बसला होता. विश्वास असू नये असं नाही, पण दुसऱ्याच्या कपाटाला हात घालताना तो जरा बेतानेच वापरावा.

घराच्या मागच्या या लहानशा खोलीत सासूबाईंचा सगळा कारभार होता. एक शिवणयंत्र, एक कापायचं टेबल, कोपऱ्यात टेबलाएवढा रुंद प्रिंटर आणि सोळा वर्षांचा हा कॉम्प्युटर. त्याचा पंखा असा घरघरायचा की जणू कुणी म्हातारं माणूस बाजूला झोपलं आहे. छातीच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या बायकांची एक बाजू सपाट झालेली असते, त्यांच्यासाठी सासूबाई आतले कपडे शिवायच्या. उरलेल्या बाजूला आधार, गेलेल्या बाजूला नेमक्या वजनाची गादी, आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळू नये. हे काम बाजारात कुणी धड करत नव्हतं. इस्पितळातली परिचारिका बायकांना सरळ सासूबाईंकडे पाठवायची.

सासूबाईंचा एक नियम होता. माप एकदाच घ्यायचं. दार लावायचं, टेप एकदा लावायची, आकडे कॉम्प्युटरात घालायचे, कागद फाडून टाकायचा. पुन्हा त्या बाईला कधी ब्लाउज काढायला लावायचं नाही. दहा वर्षांनी जरी तिने फोन केला तरी जुन्याच मापावर दोन बोटं इकडेतिकडे करून नवं शिवून द्यायचं. "माझ्याकडून हे कुणाच्या नजरेला पडणार नाही," असं प्रत्येकीला त्या शब्द द्यायच्या. लग्न होऊन अडीच वर्षं झाली तरी सूनबाईने त्यातली एक आकृतीही पाहिली नव्हती. बाई आली की चहाचे कप बंद दाराबाहेर ठेवायचे आणि निघायचं, एवढंच तिचं काम.

आकृत्या काढणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटराइतकाच जुना होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. सीडीला मधोमध तडा गेलेला, आणि परवान्यासाठी ज्या नंबरवर फोन करायचा तो आता कुठल्याशा गादीवाल्याकडे लागत होता. म्हणजे प्रोग्रॅम एकदा गेला की गेला. इतकी वर्षं म्हणूनच कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. पण इस्पितळाने फर्मान काढलं: सोमवारपासून नव्या बाया पाठवायच्या त्या फक्त त्यांच्या नव्या वेबसाइटवरून. आणि ती वेबसाइट या म्हाताऱ्यावर उघडायलाच तयार नव्हती, आणि बायांचं काहीही दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्यायला सासूबाई तयार नव्हत्या.

"दुसरा कॉम्प्युटर घेऊ," असं मुलगा म्हणाला होता आणि कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी निघून गेला होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हा प्रोग्रॅम चढवायचा कसा, ते त्याला ठाऊक नव्हतं. सूनबाईला ठाऊक होतं की तो चढणारच नाही. राहिला एकच मार्ग. प्रोग्रॅम जिथे आहे तिथेच राहू द्यायचा आणि त्याच्या खालची सिस्टिम बदलायची. घर न हलवता पाया बदलण्यातला प्रकार.

तिने बेत पक्का केला होता. नवी डिस्क आणली होती. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर करायची, जुनी काढून बाजूला ठेवायची, आणि जे काही करायचं ते नक्कलेवर. काही बिघडलंच तर जुनी आहेच.

"आई, मापांच्या फायली कुठे आहेत? त्या मी वेगळ्याही उतरवून ठेवते."

शिवणयंत्र थांबलं. "त्या आहेत जागच्या जागी. तू सिस्टिमचं बघ."

"पण जागा कुठली? मी उघडणार नाही, नुसती—"

"कॉम्प्युटरातच आहेत ना? तू सगळ्याचीच नक्कल करणार म्हणालीस ना? मग झालं तर."

म्हणणं बरोबर होतं. सगळीच नक्कल होणार तर फायली कुठेही असोत, येतीलच.

"आणि सूनबाई, तो वरचा डबा काढून दे."

हा डबा म्हणजे सूनबाईच्या डोक्याला ताप होता. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात हौसेने तिने ही खोली आवरली होती आणि दोन्ही हातांनी उचलावा लागणारा हुकांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता. तेव्हापासून दिवसातून दोनदा हुकूम सुटायचा. सासूबाईंची उंची तिच्याएवढीच. शेजारी स्टूलही होतं. सूनबाई मनातल्या मनात त्याला सासूपणा म्हणायची. डबा खाली ठेवायचं काही तिला सुचलं नव्हतं, आणि खाली ठेव म्हणणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं. तिने पाचही बोटांना धूळ लागलेली असताना उठून डबा काढून दिला.

"आणि हे बघ," सासूबाई हूक निवडत म्हणाल्या, "मला तीन वाजेपर्यंत तो चालू हवा. खडूचं कापड आज आलंय."

खडू म्हणजे एक शिक्षिका. सासूबाई कुणाचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. प्रत्येकीला त्यांनी एक खूण दिली होती. ही पंधरा दिवसांपूर्वी आली तेव्हा तिच्या बोटांना खडू लागलेला होता. सुट्टीतसुद्धा रिकाम्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहून बघत होती म्हणे, हात उचलतोय का ते. माप देताना ती रडली आणि म्हणाली, "परत हे सगळं काढायला लावू नका हो मला." सोमवारी तिची शाळा उघडत होती. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच ती चाळीस पोरांसमोर उभी राहणार होती. आज आकृती छापून कापड कापलं तर उद्या शिवून होणार, आणि उद्या संध्याकाळी ती न्यायला येणार. छापलेला कागद सासूबाई घरात पडू द्यायच्या नाहीत, म्हणून कापड आल्याशिवाय त्या छापायच्या नाहीत.

"तीनच्या आधी देते," सूनबाई म्हणाली आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला.

नवी डिस्क जुनीच्या निम्म्या क्षमतेची होती. नक्कल बसायची, पण नव्या सिस्टिमला लागणारी मोकळी जागा उरत नव्हती. तिने साफसफाईची खिडकी उघडली. तात्पुरत्या फायली, जुन्या नोंदी, कचरापेटी. कचरापेटीत दोनशे चौदा वस्तू! आईंनी जन्मात कधी ही पेटी रिकामी केलेली दिसत नाही, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. तिने सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि बटण दाबलं. कामाला चार सेकंद लागले.

नक्कल व्हायला सव्वा तास गेला. जुनी डिस्क काढून तिने रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवली, नवी बसवली, आणि सिस्टिम बदलायला लावली. पडद्यावर आकडा चढू लागला. दहा टक्के. तीस. सासूबाई शिवत होत्या, पण यंत्राचा आवाज मध्येच थांबायचा. त्या वेळी त्या पडद्याकडे बघत आहेत हे सूनबाईला न वळता कळायचं.

त्र्याहत्तर टक्क्यांवर आकडा थांबला.

पाच मिनिटं गेली. वीस गेली. पस्तीस गेली. फोनवर असती तर सूनबाईने समोरच्याला ठणकावून सांगितलं असतं, घाबरू नका, वेळ लागतो. इथे तिची स्वतःची पाचावर धारण बसली होती. मध्ये पडायला नवरा नव्हता, आणि असता तरी त्याने दोघींना चहा करा म्हटलं असतं.

"थांबलाय का गं?"

"विचार करतोय."

"सोळा वर्षांत कधी केला नाही. आजच बरा सुचला."

एक वाजून दहा मिनिटांनी आकडा चौऱ्याहत्तर झाला आणि मग भराभर वर गेला. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि नवी कोरी सिस्टिम उघडली. प्रोग्रॅमचं चित्र जागेवर होतं. सूनबाईने त्यावर टिचकी मारली. एक पांढरी खिडकी आली आणि गेली. पुन्हा टिचकी. पुन्हा तेच.

सासूबाई आता तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. त्यांचा श्वास तिच्या मानेवर लागत होता.

"जुन्या पद्धतीने चालव, असं याला सांगता येतं," सूनबाई म्हणाली. तिने सेटिंग उघडलं, सोळा वर्षांपूर्वीच्या सिस्टिमचं नाव निवडलं आणि डोळे मिटून टिचकी मारली.

"आला!" सासूबाई ओरडल्या. "आला गं बाई! शहाणी माझी ती!"

अडीच वर्षांत 'शहाणी' हा शब्द या घरात पहिल्यांदाच उपहासाशिवाय उच्चारला गेला होता. सूनबाईचे डोळे भरून आले. तिने खुर्ची रिकामी करून दिली. सासूबाई बसल्या, माऊस हातात घेतला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली कचरापेटी उघडली.

ती रिकामी होती.

त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा उघडली. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा उघडताना सूनबाईला समजलं.

"आई... तुम्ही त्या कचरापेटीत ठेवल्या होत्या?"

"कचऱ्यात कुणी बघत नाही," सासूबाई म्हणाल्या. "फोल्डर केलं तर कुणीतरी उघडणार. माझा मुलगा उघडेल, दुरुस्तीवाला उघडेल, तू उघडशील. कचऱ्यात कोण कशाला हात घालतंय? लागली की बाहेर काढायची, काम झालं की परत टाकायची. सोळा वर्षं एकीलाही कुणी बघितलं नाही."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या.

"मी शब्द दिला होता गं," त्या म्हणाल्या. "दोनशेवर जणींना. आता काय फोन करू? या, परत काढा, सुनेने झाडून टाकलं?"

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं होतं तुम्हाला, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले. विचारलं होतं हे खरं, पण उत्तर मिळालं नसताना बटण दाबलं होतं हेही खरंच होतं.

सासूबाई एकाएकी उठल्या. रुमालातली डिस्क त्यांनी उचलली. "जुनी आहेच म्हणालीस ना? लाव ही परत. चालू कर. हिच्यात असतील."

"हिच्यातूनही पुसल्यात, आई. नक्कल करायच्या आधीच मी—"

"लाव म्हणते ना!"

सूनबाईने नवी डिस्क काढली. जुनी बसवली. बोट बटणावर गेलं. बंद करून चालू करा, हे वाक्य तिने आयुष्यात हजारो वेळा उच्चारलं होतं. आणि त्या बटणावर बोट असताना तिच्या ध्यानात आलं की आज नेमकं हेच करायचं नाही. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी आहे अशी नुसती नोंद होते, आणि तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. ही डिस्क लावून कॉम्प्युटर चालू केला असता तर त्याने उठल्या उठल्या शंभर ठिकाणी आपलं काहीबाही खरडलं असतं. नेमकं कुणावर, ते देवालाही कळलं नसतं.

तिने हात असा मागे घेतला की कोपर पत्र्यावर आपटलं.

"चालू नाही करायची. हात नका लावू कुणी तिला."

"मला दटावतेस?"

"हो," सूनबाई म्हणाली, आणि दोघीही चमकल्या.

तिने नवी डिस्क परत बसवली, जुनी एका वायरने बाहेरून जोडली, नुसती वाचायची, लिहायचं काही नाही अशी. पुसलेलं शोधणारा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि तो सोडला. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. जेवायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. सासूबाई शिवणयंत्राशी बसल्या, पण सुईत दोराही ओवला नाही. उजव्या हातात खडूचं कापड धरून त्या नुसत्या त्याची घडी उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

पावणेचारला यादी आली. सूनबाईने ती वरून खाली मोजली. मग खालून वर मोजली.

"दोनशे अकरा."

"सापडल्या?"

"सापडल्या, पण नावं गेली, आई. कुठली कुणाची ते नाही कळत. नुसते आकडे नि अक्षरं आहेत. एकेक उघडून बघावी लागेल." ती उठली, आपली खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "तुम्ही उघडा. मी बघत नाही. नाव कसं बदलायचं ते मी इथून सांगते."

सासूबाईंनी तिच्या पाठीकडे क्षणभर बघितलं. मग माऊसचा आवाज आला.

पहिली उघडली आणि दोन सेकंदांत त्या म्हणाल्या, "ही छत्री."

"कशावरून?"

"खांदे बघ ना कसे... नको, तू नको बघूस. खांदे पुढे आलेत हिचे. आली त्या दिवशी छत्री मिटायलाच तयार नव्हती." दुसरी. "ही दोन चष्मे." तिसरी. "ही घाईवाली. हिला नातू झाला परवा." चौथीला त्या जरा थांबल्या. "ही गेली. मागच्या वर्षी. हिचंही नाव घालू या."

"घाला," सूनबाई भिंतीला म्हणाली.

एका बोटाने अक्षरं शोधत सासूबाई नावं टंकत होत्या. सूनबाई थक्क होऊन ऐकत होती. तिच्या लेखी त्या दोनशे अकरा फायली होत्या. या बाईला त्यातली एकेक तिच्या बरगड्यांवरून, उताराच्या रेघेवरून ओळखू येत होती. कुणी जिना चढताना थांबायची, कुणी हसताना पदर ओढायची, सगळं त्यांना पाठ होतं. काहीजणींशी तर त्या पडद्यावरच बोलत होत्या. अडतिसाव्या फाईलवर त्यांचा आवाज फुटला.

"खडू! सूनबाई, खडू आली!"

रुंद प्रिंटर धडधडला. कागद पुरा बाहेर येईपर्यंत दोघी त्याच्या आवाजाकडे कान लावून होत्या. सासूबाईंनी तो गुंडाळून छातीशी धरला. कापड त्यांनी तिथल्या तिथे कापलं, आकृतीच्या कागदाचे बारीक तुकडे केले, आणि हात धुऊन परत पडद्यासमोर येऊन बसल्या. "चल. बाकीच्या ताटकळल्यात."

साडेसहापर्यंत दोनशे दहा जणींना नावं मिळाली. कोण कोण आलं नाही हे सासूबाईंनी बोटांवर काढलं. सापडल्या नव्हत्या त्या तिघींपैकी दोघी दूरगावी राहायला गेल्या होत्या. राहिली ती पायमोजे नावाची.

"तिच्या घरी मीच जाईन," सासूबाई म्हणाल्या.

"मी येते. चूक माझी आहे, मीच सांगेन."

"दोघींची आहे. दोघी जाऊ." त्यांनी शेवटची फाईल उघडली.

बराच वेळ टंकण्याचा आवाज येईना. "आई?"

"ही कोण गं? मला आठवत नाही." त्यांचा आवाज पडला होता. "डावी बाजू. खांदा दीड बोट उतरलेला. बारीक आहे. मी हिला ओळखत नाही. बाईने एवढ्या विश्वासाने दिलं आणि मी विसरले तिला." मग त्या म्हणाल्या, "तू बघ. दारात पाहिली असशील कधी."

"मी कशी बघू?"

"बघ म्हणते ना. मला आज हिला बेवारस ठेवायची नाही."

सूनबाईने खुर्ची वळवली. एवढे दिवस तिने काय काय कल्पना केल्या होत्या! पडद्यावर नुसत्या रेघा होत्या, एक बाजू गोल, एक बाजू सरळ. वरच्या कोपऱ्यात प्रोग्रॅमने आपण होऊन घातलेला आकडा होता: नमुना एक. बाजूला मापांचा रकाना. त्यातल्या शेवटच्या ओळीवर तिची नजर अडली. डावा हात किती वर जातो? खांद्यापर्यंत.

तिने मान वर करून वरच्या फळीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. त्या कायम उजव्या खांद्यावर पिशवी घेतात, वाळत घालायचे कपडे तिच्याकडे देतात, आणि दिवसातून दोनदा डबा मागतात. तिचा चेहरा तापला. अडीच वर्षं ती ज्याला सासूपणा म्हणत होती ते हे होतं.

"आई," ती म्हणाली, "ही मला रोज दिसते."

सासूबाईंनी आधी तिच्याकडे, मग आकृतीकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात हळूच डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "मीच की."

"प्रोग्रॅम नवा होता. चालतो की नाही बघायला पहिलं माझंच घातलं. परत कधी उघडलंच नाही. उघडून काय बघायचं होतं?" त्या रेघेवर बोट फिरवत होत्या. "माझं माप नऊ वेळा घेतलं होतं लोकांनी. नऊ वेळा, नऊ जणांनी. दर वेळी परत काढा, परत काढा. मग मी ठरवलं, एकदाच."

"मला का नाही सांगितलंत?"

"कुणालाच नाही सांगितलं. तुझ्या नवऱ्याला एवढंच ठाऊक आहे की तो शाळेत असताना आई महिनाभर आजारी होती."

"डबा तरी खाली ठेव म्हणायचं होतंत."

"म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "नाव घाल हिचं. सगळ्यांना मिळालं. हिला तू दे."

सूनबाईने क्षणभर विचार केला आणि टंकलं: वरचा डबा.

सासूबाईंनी ते चष्मा वर करून वाचलं. आधी त्यांचे ओठ हलले, मग खांदे, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की ठसका लागला. हसता हसता त्या रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. सूनबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डाव्या बाजूला तिने हात जपून ठेवला. मग ती उठली, फळीवरचा हुकांचा डबा काढला आणि शिवणयंत्राशेजारी, हाताशी येईल असा ठेवला.

"परत वर ठेवलास तर बघ," डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या.